नसलेले चित्र

एकदा पाहिलेला रहस्यपट दुसऱ्यांदा पाहू नये, असे आमचे पुष्कळ वर्षांचे मत होते. पिळून टाकलेले लिंबू पुन्हा पिळण्यात जेवढा अर्थ, तेवढाच त्यात अर्थ! रहस्यकथेचा सारा जीव तिच्या शेवटच्या पानात असतो, हे आम्ही लहानपणीच शिकलो होतो. आमच्या गावच्या वाचनालयात बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांची शेवटची पाने कोणी खट्याळ सभासद काढून नेई, आणि आम्ही ग्रंथपालांकडे दाद मागावयास गेलो की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "फाडले कशावरून? मुळातच नसेल." हे उत्तर आम्हांला त्या वयात शुद्ध निर्लज्जपणाचे वाटे. त्या उत्तरात केवढा न्याय दडलेला आहे हे कळावयास आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली. ते पुरतेपणी उमगले मात्र अलीकडे, तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु या गावी, एका जुन्या इटालियन भयपटाच्या दुसऱ्या दर्शनाने.

ओरत्तनाडुस आमचे एक तरुण स्नेही नोकरीनिमित्त असतात. परमुलखात एकट्या पडलेल्या मराठी अधिकाऱ्याला घरची बोली बोलणारा पाहुणा मिळाला की तो त्याला चार दिवस हलू देत नाही, हा आपणां सर्वांचाच अनुभव आहे. आम्हीही फारशी घाई केली नाही. कार्तिकातला पाऊस चालू होता. तंजावराहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्याने आमची गाडी निघाली. बाहेर हिरवे, मोकळे, पाण्याने चमकणारे रान पाहून आम्ही सहज म्हणालो, "किती छान उघडा मुलूख आहे हा!" गाडी हाकणारा मनुष्य काही वेळ बोलला नाही. मग त्याने एका हाताने बाहेर दाखविले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले की, येथे नारळीच्या बागा होत्या. २०१८ सालच्या नोव्हेंबरात 'गजा' नावाचे वादळ आले आणि एका रात्रीत त्या आडव्या झाल्या. त्याच्या डोळ्यांना त्या रानात पडलेली झाडे दिसत होती. आम्हांला नुसते रान दिसत होते. दोघेही एकाच खिडकीतून पाहत होतो. हा प्रसंग त्या वेळी आम्ही मनात फारसा ठेवला नाही. पुढे त्याचे काम पडले.

दुसऱ्या दिवशी रात्री वीज टिकून राहील अशी लक्षणे दिसताच आमच्या स्नेह्यांनी संगणकावर चित्रपट लावण्याची टूम काढली. त्यांच्या संग्रहातील नावे वाचता वाचता 'प्रोफोन्दो रोस्सो' हे नाव आमच्या दृष्टीस पडले. 'गडद तांबडा' असा त्याचा अर्थ. दारिओ आर्जेन्तो या दिग्दर्शकाने १९७५ साली काढलेला हा चित्रपट आम्ही विद्यार्थिदशेत पुण्यास एका चित्रपट-मंडळाच्या खेळात पाहिला होता. इटलीत या जातीच्या कथांना 'जाल्लो' म्हणजे 'पिवळ्या' म्हणतात. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनांत रहस्यकादंबऱ्यांची माला काढली, तिच्यावरून ते नाव पडले. थोडक्यात, आपल्याकडे अर्नाळकर म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, तेच तिकडे पिवळा रंग म्हटला की येते. आमच्या स्नेह्यांनी तो पाहिलेला नव्हता. आम्ही कंटाळा करीत होकार दिला, आणि मनाशी ठरविले की आपण पडद्याकडे न पाहता यांच्याकडेच पाहावयाचे.

ज्यांना रक्त पाहवत नाही त्यांना हा चित्रपट पाहा असे आम्ही सांगणार नाही. त्यात रक्ताची लयलूट आहे, आणि तीही अशा चकचकीत रंगाची की ते रक्त न वाटता भिंतीला देण्याचा रंग वाटावा. आमच्या मते हा त्याचा गुण नव्हे. कित्येक ठिकाणी तर तो सरळ सरळ अभिरुचिहीन आहे. पण त्याच्या मध्यभागी एक युक्ती बसविलेली आहे, आणि ती आम्ही पाहिलेल्या कोणत्याही रहस्यपटातील युक्तीहून प्रामाणिक आहे.

मार्क नावाचा एक इंग्रज पियानोवादक रात्री चौकात उभा असताना वरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना पाहतो. तो धावत जिना चढतो, घरात शिरतो, एका बोळातून झपाट्याने पुढे जातो. त्या बोळात भिंतींवर चित्रे आहेत. विचित्र, पांढुरक्या, भेसूर चेहऱ्यांची चित्रे. मार्क खिडकीपाशी पोहोचतो तो बाई मेलेली. पुढे पोलीस येतात, जबान्या होतात, आणि मार्कच्या मनाला एक चुटपुट लागून राहते: मी आत शिरलो तेव्हा त्या बोळात एक चित्र होते, आता ते नाही. ते कोणी तरी काढून नेले. का नेले? त्या चित्रात असे काय होते? उरलेला सारा चित्रपट तो त्या नाहीशा झालेल्या चित्राचा शोध घेत हिंडतो. ही भूमिका करणारा डेव्हिड हेमिंग्ज हाच नट १९६६ साली आन्तोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्ये छायाचित्र मोठे करकरून त्यात खून शोधणारा छायाचित्रकार झाला होता. म्हणजे न दिसलेले शोधण्याची या गृहस्थाला पहिल्यापासून सवय!

शेवटी उघडकीस येते ते असे. बोळातून कोणतेही चित्र नाहीसे झालेले नव्हते. मार्कने जे चित्र म्हणून पाहिले तो आरसा होता, आणि त्या आरशात, भिंतीवरच्या भेसूर चेहऱ्यांच्या मध्ये, एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा होता. खून करणारीचा. ती तेथेच भिंतीला चिकटून उभी होती. मार्कने खुन्याला पहिल्याच मिनिटात समोरासमोर पाहिले होते.

आता यातली खरी मौज पुढेच आहे. आर्जेन्तोने हा चेहरा प्रेक्षकांपासून लपविलेला नाही. मार्क बोळातून धावतो तेव्हा तो आरसा आणि तो चेहरा पडद्यावर खरोखर येतो. पहिल्या वेळी तो कोणालाही दिसत नाही. आम्हांला पुण्यास दिसला नव्हता. आमच्या शेजारी बसलेल्या, चित्रपटकलेवर व्याख्याने देणाऱ्या मित्रालाही दिसला नव्हता. आणि त्या रात्री ओरत्तनाडुस, मार्क जिना चढू लागला तेव्हा, आम्ही पडद्यावरची दृष्टी काढून आमच्या स्नेह्यांच्या तोंडावर लावली. ते मन लावून पाहत होते. चाणाक्ष गृहस्थ आहेत. स्पर्धापरीक्षांत वरचा क्रमांक मिळविलेले. त्यांच्या चष्म्याच्या काचांवर पडद्याचा उजेड हलत होता. बोळ आला, चेहरा आला, चेहरा गेला. त्यांनी पापणीही हलविली नाही. आणि अर्ध्या तासाने मार्क जेव्हा आपली शंका बोलून दाखवितो, तेव्हा आमचे स्नेही मांडीवर थाप मारून म्हणाले, "बरोबर! एक चित्र होते. मलाही आठवते. उचलले कोणी तरी."

त्यांना ते 'आठवत' होते, यावर आम्ही नंतर बराच वेळ विचार करीत बसलो.

चित्रपट संपल्यावर त्यांनी तो बोळ पुन्हा लावून पाहिला. एकदा, दोनदा, चारदा. "हा होताच की हो," असे पुटपुटले. मग थोडे रागावूनच म्हणाले, "पण आम्हांला कोणी सांगितले होते का, की इकडे बघा?" आम्ही उत्तर दिले नाही. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला तो चेहरा न पाहणे अशक्य होते, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला पाहणे अशक्य होते. पडद्यावरचा उजेड मात्र दोन्ही वेळा तोच.

वस्तू समोर असून न दिसणे ही गोष्ट आपल्याकडील शास्त्रकारांना नवी नाही. शिंपल्यावर रुपे भासते, दोरीवर साप भासतो, हे दृष्टांत आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. प्रभाकराच्या मताचे मीमांसक तर असे मानतात की, भ्रम म्हणजे चुकीचे काही दिसणे नव्हेच; जे दिसले ते आणि जे आठवले ते यांतला भेद ध्यानात न येणे, एवढाच भ्रम. मार्कच्या बाबतीत हे तंतोतंत लागू पडते. त्याने चेहरा पाहिला. आजूबाजूला चित्रे होती, म्हणून आठवणीने तो चेहरा चित्रांत जमा केला. आणि पुढे ते 'चित्र' सापडेना तेव्हा बुद्धीने निकाल दिला: चोरी!

पण आम्हांला त्या रात्री या भ्रमापेक्षा त्याच्या पुढची पायरी अधिक खुपत राहिली. 'नाही' हे ज्ञान आपणांस होते कसे? टेबलावर दौत आहे, हे डोळ्यांनी दिसते. टेबलावर दौत नाही, हे कशाने दिसते? भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती यांनी यासाठी 'अनुपलब्धि' नावाचे एक स्वतंत्र प्रमाणच मानले. नैयायिकांनी ते वेगळे मानले नाही, तरी प्रश्नाचे वजन कोणी कमी लेखले नाही. आणि या सर्वांनी मिळून एक अट घातली, ती विलक्षण शहाणपणाची आहे. न दिसणे एवढ्याने नसणे सिद्ध होत नाही. ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात दौत दिसली नाही म्हणून दौत नाही असे म्हणता येत नाही. आम्ही आमच्या अल्प बुद्धीने या अटीला एक पोटअट जोडू इच्छितो: वस्तू 'गेली' असे म्हणावयाचे असेल तर ती 'होती' हे आधी सिद्ध केले पाहिजे. गाडीवाल्याला नारळी गेल्याचे दिसले, कारण नारळी होत्या हे त्याला ठाऊक होते. मार्कला चित्र गेल्याचे 'दिसले', आणि चित्र तर कधी नव्हतेच. दोघांचीही खात्री सारखीच होती.

वाचक म्हणतील, हा काथ्याकूट पंडितांनी करावा. आपणां नोकरदारांना त्याचे काय? आम्हीही असेच म्हटले असते. पण आपल्या टेबलावरून वर्षाकाठी जे कागद जातात त्यांपैकी किती कागदांवर 'आढळून येत नाही', 'गहाळ झाले आहे', 'सादर केलेले नाही' हे शब्द असतात, ते आठवून पाहावे. अभाव नोंदविणे हा आपला रोजचा धंदा आहे. आणि एकदा अभाव नोंदविला की त्याला कोणी तरी जबाबदार लागतो.

आम्ही एका परप्रांतातील जिल्ह्यात नवे होतो तेव्हाची गोष्ट. त्या जिल्ह्याचे व कचेरीचे नाव येथे नको. पूरग्रस्तांना वाटलेल्या रकमांची एक जाड, शिवलेली नोंदवही होती. तिच्यात ८६ व्या पानानंतर एकदम ८९ वे पान येत होते. पहिल्या पानावर आमच्या पूर्वीच्या कोणा अधिकाऱ्याचा, वहीत २०० पाने असल्याचा दाखला होता. शिवाय बेरजेत काही थोड्या रकमेची तफावत होती. वही एका उतारवयाच्या कारकुनाच्या ताब्यात असे. चौकशी आमच्याकडे आली. दोन पाने नाहीत, पैसे जुळत नाहीत, वही याच्या कुलपात: तीन गोष्टी आम्ही ओळीने मांडल्या आणि त्यांतून चौथी आपोआप निघाली. अहवाल चोवीस पृष्ठांचा झाला. भाषेबद्दल वरिष्ठांनी आमचे कौतुक केले. कारकुनाच्या वेतनवाढी थांबल्या, बढती गेली, आणि ज्या लहानशा गावी तो राहत असे तेथे लोक त्याला पाने फाडणारा म्हणून ओळखू लागले.

पुढे बारा वर्षांनी, दुसऱ्याच एका कचेरीत, कपाटाच्या तळाशी त्याच छापखान्याच्या कोऱ्या नोंदवह्या आमच्या हाती लागल्या. सहज चाळताना एका वहीत ८६ नंतर ८९ आले. दुसरी उघडली. तिच्यातही तेच. आकडे छापणाऱ्या यंत्राने त्या सबंध खेपेत एक पान गाळले होते. दाखला देणाऱ्याने पाने मोजली नव्हती, शेवटचा आकडा वाचून २०० लिहिले होते. पैशाची तफावतही, मग शोधले तेव्हा, एकच रक्कम दोन ठिकाणी चढविल्यामुळे झालेली निघाली. कोणी पान फाडले नव्हते. फाडण्यास पान नव्हते. आणि शिवलेल्या वहीतले पान फाडले तर शिवणीपाशी त्याची कड उरते, नाही तर जोडीचे दुसरे पान सैल होऊन सुटते, हे कोणत्याही बांधणीवाल्या पोराला ठाऊक असते. त्या वहीची शिवण अखंड होती. ती वही आम्ही तीन आठवडे रोज हाताळली होती.

एवढ्यावर भागले असते तरी आम्ही मनाचे समाधान करून घेतले असते की, तरुण होतो, घाईत होतो. पण आम्ही जुना कागद मागवून घेतला. त्यात कारकुनाच्या जबानीच्या दुसऱ्या दिवशीच्या भागात, आमच्याच वळणदार अक्षरात, एक वाक्य होते. वहीची शिवण पाहावी, अशी माझी विनंती आहे, असे तो म्हणतो. खाली त्याची सही, शेजारी आमची. वाक्य आम्ही ऐकले होते, लिहिले होते, वाचून दाखविले होते आणि त्यावर सही केली होती. ते आम्हांला दिसले नव्हते.

त्या म्हाताऱ्याच्या घरी आम्ही गेलो. तो निवृत्त झाला होता. वरिष्ठांना आम्ही सर्व हकीकत लिहून कळविली होती, आणि पुढे दोन वर्षांनी का होईना, हुकूम फिरला व थकलेले पैसे त्याला मिळाले. पण ती पुढची गोष्ट. त्या दिवशी त्याने आम्हांला बाजेवर बसविले, सुनेकडून चहा करवून घेतला, आणि आमचे बोलणे संपेपर्यंत गप्प राहिला. मग त्याने एकच विचारले: "साहेब, माझे म्हणणे आपण लिहून घेत होता, तेव्हा ते आपल्याला ऐकू आले होते का?" यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच ते जाणून घ्यावयाचे होते. बारा वर्षे तो कदाचित हाच विचार करीत बसला असेल, की आपण बोललो की नुसते बोललोसे वाटले.

आम्ही काय सांगणार? ऐकू आले नव्हते म्हणावे तर कागदावर उतरले कसे? ऐकू आले होते म्हणावे तर मग आम्ही कोण ठरलो?

या प्रश्नापासून आम्ही अजून सुटलेलो नाही. दोष म्हणावयाचा तर त्याला हेतू लागतो, निदान हयगय तरी लागते. आम्ही हयगय केली नव्हती. उलट नको इतके कष्ट घेतले होते. मार्कही आळशी नव्हे. तो जीव धोक्यात घालून शोध करतो. एका ओसाड वाड्यात भिंतीवरचा गिलावा खरवडून तो लहान मुलाने काढलेले खुनाचे चित्र उघडे करतो, आणि हाती लागले तेवढे पुरे समजून निघून जातो. त्याची पाठ वळताच गिलाव्याचा आणखी एक पोपडा आपोआप गळतो आणि चित्रातली उरलेली आकृती उघडी पडते. ती पाहावयास तेथे कोणी नाही. प्रेक्षक तेवढा आहे! कष्टाचा आणि पाहण्याचा फारसा संबंध नाही, असे म्हणावे लागते. किंबहुना आम्हांला वाटते की, 'काही तरी गेले आहे' असे एकदा ठरले की मनुष्य जितके कष्ट अधिक घेईल तितका समोरच्या गोष्टीपासून लांब जाईल. कारण त्याचे सारे कष्ट नसलेल्या वस्तूच्या मागे लागतात.

आणि समोर असते कोण? खून करणारी ही मार्कच्या मित्राची आई आहे. एके काळची नटी. क्लारा कालामाई या नटीने ते काम केले आहे. १९४३ सालच्या व्हिस्कोन्तीच्या 'ओस्सेस्सिओने' या चित्रपटाची ती नायिका होती. मार्क तिच्या घरी जातो, तिच्याशी बोलतो. ती त्याला पियानोवादक म्हणून ओळखीतच नाही, पुन्हा पुन्हा इंजिनिअर म्हणते, आणि प्रेक्षक हसतो. हसला की संपले. हसण्यावारी नेलेल्या म्हातारीकडे कोण दुसऱ्यांदा पाहणार? आमच्या कारकुनाकडेही कोणी पाहत नसे. तो बोलताना अडखळे, एकच गोष्ट तीन तीनदा सांगे. ज्यांचे काही हिशेबात धरावयाचे नाही असे मनाने आधीच ठरविलेले असते, त्यांचाच चेहरा आरशातून चित्रात जमा होतो. डोळ्यांचा अपराध नसेल. पण हे आधी ठरविणे कोणाचे?

येथे व्यवहारी मनुष्य एक रास्त हरकत घेईल. प्रत्येक निकाल दोनदा पाहावयाचा म्हटले तर कचेऱ्या बंद पडतील. ज्याचा निकाल लागला ते पुन्हा उकरू नये, यातही एक न्याय आहे. नाही तर कोणालाच रात्री झोप लागणार नाही. कायदेकारांनाही हे ठाऊक होते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४७ व्या आदेशात पुनर्विलोकनाची वाट ठेवली आहे ती मोजक्याच कारणांसाठी: नवा महत्त्वाचा पुरावा सापडला तर, किंवा अभिलेखाच्या दर्शनी भागावरच उघड दिसणारी चूक असली तर, अथवा तसेच काही पुरेसे कारण असले तर. हे दुसरे कारण आम्ही आजवर शेकडो वेळा वाचले असेल. त्या रात्री मात्र आम्हांला प्रश्न पडला की दर्शनी, उघड, म्हणजे कोणाला उघड? चेहरा बोळात दर्शनीच होता. शिवण दर्शनीच होती. ते वाक्य तर आमच्याच अक्षरात होते. दर्शनी चूक पहिल्यांदा पाहणाऱ्याला दर्शनी नसते, म्हणूनच ती होते.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तेव्हा आमचे स्नेही आम्हांला गावातले छत्र दाखवावयास घेऊन गेले. आम्ही म्हटले, ते आम्ही पाहिले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी रामेश्वराला जाताना उतरलो होतो आणि आमच्या टिपणवहीत नोंदही केली होती: ओरत्तनाडु, सरफोजीमहाराजांचे छत्र, इ. स. १८०२. आपण मराठी माणसे तंजावरास गेलो की बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ चा भोसले कुळाचा लांबलचक मराठी शिलालेख पाहतो, सरस्वतीमहाल पाहतो, तेथे महाराजांच्या वैद्यशाळेतील रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत असे कोणी सांगितले तर त्याचा अभिमान बाळगतो, आणि परततो. छत्राच्या नोंदीत आम्ही तोच अभिमान नोंदविला होता. गावातून चालताना आमच्या स्नेह्यांनी सहज विचारले, "याचे नाव काय म्हणून लिहिले होतेत?" आम्ही सांगितले, मुक्तांबाळपुरम्. आणि तोंडातून शब्द बाहेर पडताच थांबलो. त्या छत्राच्या नावात सरफोजी नाही. तेथे मुक्तांबाळ आहे. महाराजांची ही प्रिय सखी, पट्टराण्यांपैकी नव्हे. मरताना तिने आपल्या नावे धर्मकृत्य व्हावे अशी इच्छा सांगितली, म्हणून हे छत्र उभे राहिले, असे परंपरा सांगते. पंचवीस वर्षे आम्ही ते नाव उच्चारीत होतो आणि ऐकत होतो सरफोजी.

आता तेथे यात्रेकरू उतरत नाहीत. जोत्याच्या दगडांवर शेवाळ धरले होते. चौकात उभे राहून आम्ही स्नेह्यांना एक गोष्ट सांगितली, ती येथेही सांगतो. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेल्यावर रामेश्वराच्या वाटेवरील वडिलार्जित छत्रांची गावे तरी आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास एक पत्र लिहिले. छत्रांत काय काय चालते याचे त्यात वर्णन आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्याला अन्न, आजारी वाटसरूला औषध, परक्या ठिकाणी पोरक्या झालेल्या मुलांना शिक्षण आणि सांभाळ, तान्ह्या मुलांना दूध. आणि या सगळ्यांत एक बारीक गोष्ट आहे. अन्नदान रात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि पुकारा करीत, की ज्याला अजून मिळालेले नसेल त्याने यावे. त्याच्यासाठी शिजवून ठेवलेले आहे.

विचार केला तर ही घंटा अनावश्यक आहे. दिवसभर दार उघडे होते; वाढपी सावध होते; कोणी उपाशी आहे असे कोणाच्या दृष्टीस आलेले नव्हते. तरी घंटा वाजे. कारण ज्याने कोणी ही रीत घातली त्याला वाढप्याच्या डोळ्यांविषयी आमच्याहून अधिक माहिती असली पाहिजे. तो वाढप्याला दोष देत नाही, त्याला शिक्षा करीत नाही, त्याने अधिक कष्ट घ्यावेत असेही म्हणत नाही. आपल्या पंक्तीत कोणी तरी सुटलेच असेल एवढे तो धरून चालतो, त्याच्यासाठी भात राखून ठेवतो, आणि शोधावयास न जाता त्यालाच हाक मारतो. चोवीस पृष्ठे लिहून झाल्यावर, सही करण्यापूर्वी, आम्ही त्या कारकुनाला एकदा बोलावून, तुझे काही राहिले का, एवढे विचारले असते, तर तो चौथ्यांदा अडखळत तेच वाक्य बोलला असता. चौथ्यांदा कदाचित ऐकू आले असते. आले असतेच असे आम्ही म्हणत नाही.

आमच्या स्नेह्यांनी हे सारे ऐकून घेतले आणि काही बोलले नाहीत. परतताना वाटेत त्यांनी एवढेच सांगितले की त्यांच्याकडेही एक चौकशी आहे. काही पावत्या आढळून येत नाहीत. अहवाल तयार आहे आणि सोमवारी पाठवावयाचा आहे. कोणाची, कशाची, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा आम्हांला अधिकार नव्हता, आणि खरे म्हणजे धीरही नव्हता.

आम्ही रविवारी निघालो. बुधवारी त्यांचा दोन ओळींचा निरोप आला. अहवाल अजून पाठविलेला नाही. त्या मनुष्याला उद्या पुन्हा बोलाविले आहे.